पाठीवरचं नाव

३ तारीख, सोमवार

कोठारातल्या मोजणीच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती साहेबांना विचारून घरी आणली. शाळा चौथीतच सुटली. वाचायला शिकलो ते औषधांच्या खोक्यांवरून आणि लिहायला शिकलो ते वॉर्डांच्या पाट्या रंगवता रंगवता. तेव्हा इथे कोणी शुद्धलेखन शोधू नये. पण मनातलं कुठेतरी उतरवायला हवं, कारण आजपासून घरातही बोलायची सोय उरली नाही. मी बाहेरच्या खोलीत, ही आतल्या खोलीत, मध्ये बंद दार. ताट उंबऱ्याशी ठेवते, टकटक करते आणि पळते. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर आमचा हा लपंडाव.

एकतीस वर्षं इस्पितळाच्या कपड्यांच्या कोठारात चादरी मोजल्या, निवृत्त झालो, आणि साथ आली तसं साहेबांनी परत बोलावलं. आता चादरी नाहीत, माणसं बघायची. साथीच्या वॉर्डात कामाला जाणारा प्रत्येक जण आधी जिन्याजवळच्या माझ्या टेबलाशी थांबणार. मी ताप बघायचा, बोटाला चिमटा लावून प्राणवायूचा आकडा बघायचा आणि दहा प्रश्न विचारायचे. खोकला आहे का, वास-चव येते का, इथवर सोपं होतं. पुढच्या प्रश्नांना माझीच जीभ अडखळली. झोप किती तास? जेवण जातं का? छातीत धडधडतं? एकटं असताना रडू येतं? आणि दहावा प्रश्न तर असा की विचारताना मीच खाली बघितलं. नसलेला आवाज ऐकू येतो का?

उत्तरं ऐकून नावासमोरची चौकट रंगवायची. हिरवी म्हणजे ठीक. पिवळी म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे आत सोडायचं नाही, वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. त्या बाई तरुण आहेत, हळू बोलतात. सगळे कागद दुपारी त्यांच्याकडे जातात.

६ तारीख, गुरुवार

कामाचा दुसरा भाग मला जास्त आवडतो. प्रश्न झाले की माणसं आत जाऊन तो पांढरा पोशाख चढवतात. डोक्यावर टोपी, तोंडावर दोन पट्ट्या, वर जाड चष्मा. सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. नवरा समोर उभा राहिला तर बायको ओळखणार नाही. म्हणून पलीकडच्या खिडकीशी माझ्याकडे पाठ करून ती रांगेनं येतात आणि मी काळ्या मार्करनं प्रत्येकाच्या पाठीवर नाव लिहितो. चार बोटं उंच अक्षर. पाट्या रंगवलेला हात शेवटी कामाला आला.

खरी नावं लांबलचक, म्हणून लोक टोपणनावंच लिहून घेतात. सगळ्यांत धाकटी नर्स आहे, काडीसारखी बारीक आणि बोलायला टोकदार. ती टाचणी. प्राणवायूच्या टाक्यांची ढकलगाडी घेऊन वॉर्डभर सुसाट धावणारा तो वारा. पस्तिशीचा असेल, पण अंगात विंचू चावल्यासारखी घाई. रुग्णांना कोणाचा चेहरा माहीत नाही, पाठीवरचं नाव तेवढं माहीत. खाटेवरून त्याला हाका मारतात, वारा दादा, इकडे, माझी टाकी बघ.

आज टाचणी त्याला म्हणाली, "जरा हळू ढकल. एक दिवस गाडी पुढे जाईल आणि तू मागे राहशील."

तो म्हणाला, "मग तू ढकल. तुझं वजन टाकीपेक्षा कमी. तुलाच वर बसवून नेतो."

रांग हसली. मी दोघांच्या चौकटी हिरव्या केल्या.

१४ तारीख, शुक्रवार

आज टाचणीशी वाजलं. झोप किती म्हणून विचारलं तर म्हणाली दोन तास. मी पिवळी पेन्सिल उचलली तसा तिनं माझा हातच धरला.

"काका, काय करताय?"

"नियम आहे पोरी."

"तीन दिवस पिवळं झालं की चौथ्या दिवशी मला घरी बसवतात. आम्ही अकरा जणी होतो, सात उरलोय. चाळीस खाटा आहेत आत. तुमच्या पेन्सिलीपायी आतल्या माणसाला पाणी कोण पाजणार? तुम्ही?"

मागून वारा ओरडला, "काका, हिरवं करा आणि सोडा तिला, नाहीतर टोचेल."

त्यांच्या मोठ्या सिस्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखी वर्तुळं. मी हिरवं केलं.

खरं सांगायचं तर हलकं वाटलं. थकलेल्या पोरीला अजून छळायचं कशाला? आपण घरच्यासारखी माणसं आहोत, कागदावर काही का लिहिलेलं असेना.

१५ तारीख

आज सगळे हिरवे. पाळी वेळेवर सुरू झाली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काका, तुमच्यामुळे वीस मिनिटं वाचतात." मला बरं वाटलं.

१९ तारीख, बुधवार

आता मी सगळे प्रश्न विचारत नाही. यादी उघडायच्या आधी चेहऱ्यावरूनच कळतं. पायऱ्यांवर पाय कसा पडतो त्यावरून माणूस कसा आहे ते सांगतो मी. चादरीला हात लावला की ती किती धुण्यांची आहे ते कळायचं, तसंच हे. "काय, ठीक?" म्हणायचं, समोरचा "ठीक" म्हणतो, हिरवं. शंभर माणसं पाऊण तासात.

आज वारा थांबून गप्पा मारत होता, हेच नवल. म्हणाला, "काका, कँटीनवाल्यानं चहात पाणी घालायचं सोडून पाण्यात पाणी घालायला घेतलंय. दोन दिवस नुसतं गरम पाणी पितोय. तुम्ही कसे पिता?"

मी म्हटलं, "मला तर रोजच्यासारखाच लागला. तुझी जीभ लाडावलीय."

"बायकोनं लाडावलीय," म्हणाला. "कालची आमटी पण सपक केली, तर म्हणते तूच आजारी आहेस."

हसत हसत गाडी घेऊन गेला. चाक किरकिरतं त्याच्या गाडीचं. तेल घाल म्हटलं तर म्हणतो, राहू दे, आवाज आला की रुग्णांना कळतं हवा आली. बोलायला मोठा गोड माणूस.

२२ तारीख, शनिवार

वारा आला नाही. आत आहे, पण खाटेवर. खाट क्रमांक अकरा. कालच ताप भरला म्हणे. घरी बायकोलाही आहे, पण ती बरी आहे.

टाचणी जाताना म्हणाली, "आता बघतेच त्याच्याकडे. हलू देणार नाही जागचा." हसली. पोशाख उलटा चढवत होती, मोठ्या सिस्टरांनी सरळ करून दिला.

२५ तारीख

अकरा क्रमांकाला मोठं यंत्र लावलंय. टाचणीला विचारलं, "कसा आहे?" "ठीक," म्हणाली. मी तिच्या चौकटीत हिरवं भरलं आणि मग लक्षात आलं, मी त्याच्याबद्दल विचारलं होतं.

२८ तारीख, शुक्रवार

सकाळी नऊला गेला. टाचणीच्या पाळीत.

३० तारीख, रविवार

दारापलीकडून ही म्हणाली, "अहो, जेवला नाहीत. ताट तसंच आहे."

म्हटलं, भूक नव्हती.

"रोज शंभर जणांना विचारता ना, जेवण जातं का म्हणून? मग स्वतःला काय रंग भरलात?"

तिचं बोलणं नेहमीच असं. मी म्हटलं, माझं नाव यादीत नाही.

थोड्या वेळानं दारापलीकडून पुन्हा आवाज आला, "मी अजून इथेच आहे हं." मी खुर्ची दाराजवळ ओढली. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता तेवढा.

छापील यादी कार्यालयातून येते. तीत सतराव्या ओळीला वाऱ्याचं नाव अजून येतं. सांगितलं तर कारकून म्हणाला, "महिना संपल्यावर बदलू काका, यंत्रात तसं आहे." रोज सोळाव्यापाशी आलो की बोट थांबतं आणि मग अठराव्यावर उडी मारतं. सात वाजून दहा मिनिटांनी चाकाची किरकिर आली. मान वर केली. गाडी नवा माणूस ढकलत होता, सावकाश. चाक तेच.

२ तारीख, बुधवार

नवा महिना लागला, यादी जुनीच. आज एक विचित्र झालं. कागद वर पाठवायच्या आधी पुन्हा नजर फिरवली, तर सतराव्या ओळीत हिरवं भरलेलं. ताप अठ्ठ्याण्णव. झोप सहा तास. चव येते. सगळं माझ्याच अक्षरात.

मागे-पुढे कोणी नव्हतं. खोडरबरानं खोडलं तर कागद फाटायला आला, पण हिरवा डाग गेला नाही. तसाच पाठवला. वरून कोणी काही विचारलं नाही. दुपारच्या फळ्यावर लिहून आलं, आजचे कर्मचारी शंभर टक्के हिरवे.

कोणाला सांगू नये असं वाटतंय. वय झालं म्हणतील.

४ तारीख, शुक्रवार

खिडकीशी आज मोठी रांग होती. हात आपोआप चालतो, डोकं दुसरीकडे. पाठी, पाठी, पाठी. एकामागून एक पांढऱ्या भिंती सरकाव्यात तशा. नावं विचारावी लागत नाहीत आता, कोण कितवं येतं ते पाठ झालंय. लिहिताना एकदा अंगावर सर्रकन काटा आला. कशानं ते कळलं नाही. खिडकीतून वारं येत असेल.

५ तारीख, शनिवार

टाचणी आज सगळ्यांच्या आधी आली. जिना रिकामा होता. टेबलाशी उभी राहिली, आणि प्रश्न न विचारताच बोलायला लागली.

"काका, काल दिवसभर कोणीतरी माझ्या मागून वाऱ्याला हाक मारत होतं."

मी म्हटलं, "कोण?"

"कोणीतरी. वेगवेगळे आवाज. वारा दादा, पाणी. वारा दादा, टाकी बघ. अगदी स्पष्ट, माझ्या पाठीमागून. मी वळले की सगळं गप्प. खाटांवरची माणसं नुसती माझ्याकडे बघतात, घाबरल्यासारखी. पुन्हा पाठ फिरवली की पुन्हा हाक. चार नंबरच्या आजी तर म्हणाल्या, आलास का रे, बरं झालं. मी वळले, तर त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली."

तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"मला वेड लागतंय का हो?"

म्हटलं, "अगं, आतल्यांना ताप असतो, बरळत असतील. त्याची सगळ्यांनाच सवय होती."

"मग मी वळल्यावर गप्प का होतात?"

ती म्हणाली, "मी ठरवलंय. आता मागून कोणीही हाक मारू दे, मी वळणारच नाही. आणि हे लिहू नका काका. तुम्हाला घरचं समजून सांगितलंय."

दहाव्या प्रश्नासमोर मी 'नाही' लिहिलं. हिरवं.

७ तारीख, सोमवार

आज जे कळलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

वॉर्डातली लादी पुसणारी मावशी आणि मी बावीस वर्षांची ओळख. जिन्याशी बादली ठेवून म्हणाली, "काका, एक विचारू? रागवायचं नाही. शुक्रवारी त्या टाचणीच्या पाठीवर वाऱ्याचं नाव तिनं सांगून लिहून घेतलं, का तुम्ही आपणहून लिहिलंत?"

मी खिशातला मार्कर चाचपला.

"मी लादी पुसत होते. मान वर केली तर समोर वारा चालतोय. माझी बादलीच कलंडली. मग उंची बघितली, म्हटलं ही तर पोर आहे. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आठवण म्हणून लिहून घेतलं असेल. तिच्या हातात गेला ना तो. अशा वेळी कोण विचारतं? मोठ्या सिस्टरांनी पण बघितलं, डोळे पुसले आणि गप्प बसल्या."

आता सगळं लख्ख दिसतंय. शुक्रवारी रांगेत ती सतरावी होती. हातानं सतराव्याचं नाव लिहिलं. स्वतःची पाठ कोणाला दिसते? आणि पोशाख उतरवताना आतली बाजू बाहेर गुंडाळत उतरवायचा आणि पिशवीत टाकायचा असा नियम आहे, म्हणून शेवटपर्यंत तिला दिसलंच नाही. खाटेवरची बिचारी माणसं पाठ वाचून हाका मारत होती, आणि टाचणी वळली की दुसरंच कोणी. घाबरली असतील तर नवल काय. काहींनी त्याला खाट अकरावरून नेताना बघितलं होतं.

मावशी म्हणाली, "तुम्हाला बरं नाही का काका? तोंड पांढरं पडलंय."

"ठीक आहे," म्हटलं.

८ तारीख

आज सांगायचं ठरवून गेलो होतो. टाचणी समोर आली. "काय, ठीक?" म्हटलं. "ठीक." पुढचा आला.

दिवसभर स्वतःशी वाद घालतोय. सांगितलं तर तिचा जीव हलका होईल. पण मग वरच्या डॉक्टर बाई विचारतील, दुसऱ्याच्या पाठीवर मेलेल्याचं नाव लिहिणारा माणूस टेबलावर कसा? मग कागद बघतील. मग प्रत्येक हिरव्याखाली काय आहे ते निघेल. मला घरी बसवतील त्याचं काही नाही. पण माझ्यामागे या पोरांशी गोड बोलणारं कोण आहे, असंही वाटतं.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि वाचून लाज वाटली. खोडत नाही.

९ तारीख, बुधवार

आज अनर्थ होता होता टळला.

चार नंबरच्या आजींची प्राणवायूची नळी निघाली होती. टाचणी तीन हातांवर, पाठ करून, औषध भरत होती. आजींनी हाक मारली. एकदा, दोनदा, जीव खाऊन. ती वळली नाही. हातातलं औषध भरत राहिली. पलीकडच्या खाटेवरच्या माणसानं पाण्याचा पेला जमिनीवर फेकला, तेव्हा मोठ्या सिस्टर धावल्या. आजी काळ्यानिळ्या पडल्या होत्या. वाचल्या.

मोठ्या सिस्टर संतापून बाहेर आल्या. "बहिरी झालीय का ती? रोज तपासता ना तुम्ही? काय तपासता मग?"

टाचणी जिन्यात बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. मी जवळ गेलो तर मान वर न करता म्हणाली, "मला वाटलं तेच आहे. मला वाटलं खरी हाक नाही."

तरी तेव्हाही नाही बोललो मी. माणसं होती आजूबाजूला. हे कारण आहे का? नाही.

१० तारीख, गुरुवार

सहा वाजता जाऊन बसलो. साडेसहाला ती आली. मी उभा राहिलो. बसून सांगण्यासारखं नव्हतं ते.

"पोरी, शुक्रवारच्या हाका खऱ्या होत्या. तुझ्या पाठीवर मी वाऱ्याचं नाव लिहिलं होतं. चुकून. ती माणसं तुझी पाठ वाचत होती."

तिनं हात मागे नेऊन स्वतःची पाठ चाचपली. मग म्हणाली, "माझ्या पाठीवर?"

"हो."

"दिवसभर मी त्याला पाठीवर घेऊन फिरत होते?"

आणि हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "काका, काका, म्हणजे मी वेडी नाही. तुम्ही वेडे आहात. तीन रात्री मी कानात बोळे घालून पडलेय हो!" मीही हसलो, खोटं कशाला सांगू. वाटलं, सुटलो.

मग तिचं हसू थांबलं.

"मग घरी काय आहे?" म्हणाली.

"घरी काय?"

"घरी तर पाठीवर काही लिहिलेलं नसतं. भांडी घासायला घेतली की मी त्याचे श्वास मोजते. अकरा नंबरचे. शेवटच्या तासात मोजत होते तसे. एक ताट, दोन श्वास. मधला श्वास लांबला की हातातलं भांडं तसंच धरून उभी राहते, पुढचा येईपर्यंत. काल आई म्हणाली, नळ बंद कर, पाणी वाहून चाललंय. मी म्हटलं थांब, अजून आला नाही. त्याला जाऊन दोन आठवडे होत आले काका."

जिन्यात चाहूल लागली, बाकीचे यायला लागले. तिनं चेहरा पुसला, पाठ ताठ केली. "जाऊ दे. मुख्य कोडं सुटलं ना? हिरवं करा, चला."

मी लाल पेन्सिल उचलली.

"काका."

मी चौकट भरली. दहाव्या प्रश्नासमोर 'हो' लिहिलं.

"मी तुम्हाला घरचं समजून सांगितलं होतं," ती हळू म्हणाली. मागे रांग लागली होती, सगळे ऐकत होते. "आत सहाच उरतील. आज काही झालं तर ते तुमच्या माथी."

"माझ्याच," म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. वर जाणारा जिना चढली. प्रत्येक पायरीवर कठड्याला हात धरून, म्हातारीसारखी. चेहऱ्यावरून कळतं म्हणणारा मी, ही चाल मला एक महिना दिसली नव्हती.

११ तारीख, शुक्रवार

मनाच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी काल दुपारी ही वही पहिल्यापासून वाचली. किती हिरवे खोटे ते मोजून सांगावं म्हणून. मोजता मोजता १९ तारखेवर आलो.

दोन दिवस गरम पाणी लागतंय. आमटी सपक. बायको म्हणते तूच आजारी.

मी ते विनोद म्हणून लिहून ठेवलंय. 'बोलायला मोठा गोड माणूस', असं खाली लिहिलंय. वास-चव येते का या प्रश्नाला वारा माझ्या टेबलाशी उभा राहून स्वतःच्या तोंडानं उत्तर देत होता, आणि मी म्हटलं तुझी जीभ लाडावलीय. तेव्हाच लाल केलं असतं तर तीन दिवस आधी खाट मिळाली असती. वाचला असता का, माहीत नाही. ते माहीत नसणंच आता माझ्याजवळ राहणार.

वही घेऊनच मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. उभ्यानं सगळं सांगितलं. हिरवे, सतरावी ओळ, पाठीवरचं नाव, चहा. त्यांनी १९ तारखेचं पान दोनदा वाचलं. मला वाटलं रागावतील, किंवा तुमचा काय दोष म्हणतील. दोन्ही म्हणाल्या नाहीत.

"बसा," म्हणाल्या. मग त्यांनी कोरा कागद घेतला, वर माझं नाव लिहिलं. "झोप किती तास?"

"ठीक," म्हटलं मी.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसत्या बसून राहिल्या. घड्याळ चालू होतं. त्या कुठे बघत नव्हत्या, घाई करत नव्हत्या. मी कोणासाठी इतका वेळ थांबलो नव्हतो कधी.

"दीड," म्हटलं शेवटी. आणि मग मला आवरेना.

बऱ्याच वेळानं विचारलं, "वाऱ्याच्या बायकोला सांगू का हे?"

त्या म्हणाल्या, "ते मी ठरवणार नाही. पण तुम्हाला बरं वाटावं एवढ्यासाठी सांगू नका. ती विचारेल तेव्हा खोटं बोलू नका."

मी म्हटलं, टेबलावर दुसरा माणूस बसवा. त्या म्हणाल्या, "आधी आठवडाभर तुम्ही घरी. मग परत या. दुसरा आणला तर तोही महिन्याभरात ठीक म्हणायला शिकेल. तुम्हाला आता त्या शब्दाची भीती बसलीय. आणि नावं लिहायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं. प्रत्येकाला."

१५ तारीख, मंगळवार

घरी आहे. ही दाराशी स्टूल टाकून बसते, मी इकडून. वाऱ्याचं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "वाऱ्याच्या बायकोकडे जाल तेव्हा मला सांगा. एकटे जाऊ नका."

मी म्हटलं, "जाईन असं कोण म्हणतंय?"

"मी," म्हणाली.

झोप तीन तास. चाकाची किरकिर इथेही येते, सकाळी सातच्या सुमाराला. इथे गाडी नाही, चाक नाही. हे डॉक्टर बाईंना सांगितलंय. आता लिहूनही ठेवतो.

१९ तारीख, शनिवार

परत कामावर. यादी बदललीय. सतराव्या ओळीत नवा ढकलगाडीवाला. तो "ठीक" म्हणाला. मी पेन्सिल खाली ठेवली आणि थांबलो. मागची माणसं कुरकुरली, एक जण म्हणाला, "काका, घरी झोपून आलात, आता आम्हाला इथे झोपवताय." नवा माणूस गोंधळला, मग म्हणाला, "गाडीला हात लावायला नको वाटतं." पिवळं केलं.

आज पाळी अर्धा तास उशिरा सुरू झाली. मोठ्या सिस्टर तणतणत गेल्या. त्यांना मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझं राहू द्या." त्यांचंही राहू दिलं नाही. त्यांनाही पिवळं.

२२ तारीख, मंगळवार

टाचणी आली.

रांगेत नवव्या जागी होती. माझ्यासमोर आली तेव्हा मी मान खालीच घातली होती. ताप बघितला, बोटाला चिमटा लावला. आकडा नीट आला. रागावली आहे हे उभं राहण्यावरून कळत होतं, पण असं कळण्यावर आता माझा भरवसा नाही, म्हणून विचारलं.

"रागावली आहेस?"

"हो," म्हणाली.

"बरं."

एकेक प्रश्न विचारला. खोकला नाही. चव येते, कशाची ते तिनंच सांगितलं, आईनं केलेलं कारल्याचं काहीतरी, न आवडणारं. जेवण जातं, अर्धं. रडू येतं का, तर म्हणाली, "येतं, पण आता कधी येणार ते आधी कळतं."

"झोप?"

गप्प. मी थांबलो. मागून कोणीतरी घसा खाकरला, मी वर बघितलं नाही.

"चार," म्हणाली. "पाच सांगणार होते."

"चार."

"हो."

"दहावा."

तिनं पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "मोजते अजून. काल पाचव्या भांड्यापर्यंत. मग आईनं रेडिओ लावला आणि विसरले. रेडिओ बंद झाल्यावर परत आठवलं." मग म्हणाली, "मोठ्या सिस्टरांना सांगितलंय, मागून हाक मारू नका, समोर येऊन बोला. त्या म्हणाल्या बरं. पाठ करून औषधं भरायची नाहीत असंही ठरलंय. अर्धीच पाळी. डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय."

चिठ्ठी बघितली. दहाव्या प्रश्नासमोर 'हो, कमी' लिहिलं. झोपेसमोर चार. चौकट पिवळी भरली, काळजीपूर्वक, कडेच्या बाहेर जाऊ न देता.

ती वाकली आणि कागद स्वतःकडे वळवून घेतला. चारवर बोट ठेवलं, मग खालच्या ओळीवर, मग चौकटीवर. मी लिहिलेलं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. कागद परत फिरवून माझ्यासमोर ठेवला, आणि पोशाख घालायला आत गेली.